सहीचे टेबल

बुधवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. हॅरो क्रीक गावच्या शाळेत, जिममध्ये, दीडशे मुलांसमोर डेव्हन हुडाक नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने एका कागदावर सही केली. टाळ्या वाजल्या. फोटो निघाले. कागद कोरा होता.

हे मी ऐकीव सांगत नाही. तो कागद माझ्या अंगावर होता.

मित्रांनो, मी एक जुने घडीचे टेबल आहे. लांबी आठ फूट. अंग दाबलेल्या भुशाचे, वर तपकिरी सनमायका, खाली लोखंडाचे चार पाय. त्यांतला एक पाय वाकडा आहे. तो जन्मापासून वाकडा नाही, कोणी वाकडा केला तेही सांगेन.

माझी पहिली वर्षे स्लोव्हाक लोकांच्या चर्चच्या तळघरात गेली. ईस्टरच्या आधीच्या उपासांत दर शुक्रवारी बायका यायच्या. माझ्यावर मैदा पसरायच्या, गोल लाट्या करायच्या, आत सारण भरायच्या आणि बोटांनी कडा चिमटून पिरोगी तयार करायच्या. बटाट्याची म्हटली की आत बटाटा असे. कोबीची म्हटली की कोबी असे. कोणी उघडून पाहत नसे, कारण तशी वेळच कधी आली नाही. मला वाटले, जगात सगळीकडे असेच असते. जे सांगितले, तेच आत.

मग नदीकाठचा पोलाद कारखाना बंद पडला. माणसे गाव सोडून गेली, चर्चला कुलूप लागले. खुर्च्या, पातेली, मी, सगळे वाटून टाकले. मी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांच्या मंडळाकडे आलो. त्याला आता बावीस वर्षे झाली. तेव्हापासून माझे वर्षात दोन दिवस कामाचे. एक जुलैचा शनिवार, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. दुसरा फेब्रुवारीचा पहिला बुधवार, शाळेच्या जिममध्ये. त्या दिवशी खेळासाठी निवडलेला मुलगा, शिक्षणाचा किती खर्च देऊ हे लिहिलेल्या कॉलेजच्या कागदावर सगळ्यांसमोर सही करतो. उरलेले वर्ष मी प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागच्या अडगळीच्या खोलीत, पोछ्याच्या बादल्यांशेजारी भिंतीला टेकून असतो. देखभाल करणारा लेस्टर मला काढतो आणि ठेवतो. तो मला ओढत नाही, उचलतो. एवढेच माझे कौतुक.

जुलैत लहान मुलांची नावनोंदणी असते. सात-आठ वर्षांची पोरे येतात, आयांच्या कमरेएवढी. माझ्याशेजारी वजनकाटा ठेवलेला असतो. आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू काखेत धरून पळायचे असते, आणि लहानांच्या गटात नियम असा आहे की ठरलेल्या वजनापेक्षा जो जड, त्याच्या हेल्मेटवर पट्टी चिकटवायची. पट्टीवाल्याने चेंडू घेऊन पळायचे नाही. त्याने फक्त समोरच्याला ढकलायचे. नियम चांगल्यासाठी केला आहे, की जड मूल हलक्या मुलाच्या अंगावर धावून जाऊ नये. मोठ्या माणसांनी त्याचे काय केले, ते ऐका.

दहा वर्षांपूर्वी डेव्हन आठ वर्षांचा होता. काट्यावर उभा राहिला तर तीन पौंड जास्त भरला. त्याच्याबरोबर त्याचा आजोबा होता. आमच्या भागात आजोबाला पॅप म्हणतात. पॅपने खिशातून कचऱ्याची काळी पिशवी काढली. घरूनच आणली होती. तिला डोक्यासाठी आणि हातांसाठी भोके पाडली, ती पोराच्या अंगात घातली, आणि जुलैच्या उन्हात त्याला हॉलभोवती पळवले. अकरा फेऱ्या. मधून मधून च्युइंगगम देऊन कागदाच्या पेल्यात थुंकायला लावले, तेवढेच वजन कमी. हॉलभोवती तशी आणखी चार पोरे पळत होती, प्रत्येक काळ्या पिशवीत एक. तासाभराने डेव्हन पुन्हा काट्यावर चढला आणि ठरलेल्या वजनाच्या अर्धा पौंड आत बसला. पॅपने टाळी वाजवली. पोराने तोल सावरायला माझ्यावर दोन्ही हात टेकले. ते हात ओले होते.

माझ्यामागे खुर्चीवर लहानांच्या लीगचा अध्यक्ष बक स्टायनर बसला होता. त्याने नाव लिहिले आणि दरवर्षी, दर पोराला म्हणतो तेच म्हटले.

"आज इथे नाव घाल, गड्या. दहा वर्षांनी याच टेबलावर सही करशील. कॉलेज फुकट."

मित्रांनो, मी टेबल आहे, मला फार कळत नाही. पण मोजता येते. दर जुलैत माझ्यावर साठेक नावे पडतात. बावीस जुलै झाले, म्हणजे तेराशेच्या वर नावे. फेब्रुवारीत माझ्यामागे सहीला बसलेली मुले किती? एकोणीस. त्यांतल्या किती जणांच्या कागदावर खरोखर काही लिहिलेले होते? चौघांच्या. आणि ज्याच्या शिक्षणाचा सगळा खर्च कॉलेजने केला, असे किती? एक. तेराशेत एक. हे बक स्टायनरला माहीत नाही असे नाही. नावांची वही त्याच्याकडेच असते.

खेळू नका असे मी म्हणत नाही. पोरांना पळताना मी पाहिले आहे, ती किती आनंदात असतात तेही पाहिले आहे. पण त्या आनंदाला पुरेसा न समजून ज्यांनी त्यावर खोटी चिठ्ठी चिकटवली, त्यांचा मला राग आहे.

पूर्वी असे नव्हते. फेब्रुवारीत कोणाचा कागद आला तर मला काढत, नाही आला तर नाही. सलग चार फेब्रुवारी मी अडगळीतच होतो आणि त्यात कोणाला काही वाटले नाही. सहा वर्षांपूर्वी रिक डेंगलर नवा कोच म्हणून आला. त्याने जिमच्या भिंतीवर मोठा फलक लावला. वर सोनेरी अक्षरांत लिहिले, 'कॉलेजात खेळणारे आमचे खेळाडू'. खाली नावांसाठी रिकाम्या पट्ट्या. रिकाम्या पट्ट्या वाईट दिसतात. मग बहुतेक दरवर्षी दोन-तीन नावे लागू लागली. कागद येवो न येवो, मी बाहेर निघू लागलो. ज्याला कागद नाही, त्याच्यापुढे ऑफिसच्या छपाईयंत्रातला एक पांढरा कागद. पायऱ्यांवर बसलेल्यांना कॉलेजची टोपी दिसते, पेन दिसते. कागदावर काय आहे ते कोणाला दिसते?

माझा पायही त्याच वर्षी वाकला. सामन्याआधी मुलांना चेव आणायचा म्हणून मला मध्येच बाहेर काढले आणि दोन धिप्पाड खेळाडू आणि एक मोठा माणूस माझ्यावर चढून नाचले. त्यांना कोणी रागावले नाही. लेस्टरने तेवढे म्हटले, "टेबल आहे बाबांनो, स्टेज नाही." तेव्हापासून तो माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारतो. तरी मी डुगडुगतो.

आता डेव्हनचे सांगतो. तो वाढला, दोनशे दहा पौंडांचा झाला. आता कोणी त्याला पिशवी घालत नाही, उलट दिवसातून पाच वेळा खायला घालतात. सुट्टीच्या दिवसांत शिबिरे झाली. गेल्या शरद ऋतूत दोनशे मैलांवरच्या मोठ्या विद्यापीठातून एका सहायक कोचचा फोन आला. तो म्हणाला, आम्ही तुला प्रिफर्ड वॉक-ऑन म्हणून घेऊ.

सगळा घोटाळा या दोन शब्दांचा आहे. वॉक-ऑन म्हणजे आपल्या पायांनी चालत येणारा. संघात ये, घाम गाळ, सामन्याच्या दिवशी बहुधा बाकावर बस, आणि शिक्षणाचा खर्च तुझा तू कर. प्रिफर्ड म्हणजे पसंतीचा. म्हणजे चालत आलास तर आम्ही दार लावून घेणार नाही. डेव्हनची आई रोंडा वृद्धाश्रमात काम करते. तिने 'प्रिफर्ड' ऐकले आणि 'वॉक-ऑन' सोडून दिले. विद्यापीठाने पसंती कळवली, असे तिने आश्रमातल्या एकूण एक आजीला सांगितले. मंगळवारी ती आणि पॅप मला सजवायला आले, तेव्हा तेच लेस्टरला सांगत होती. विद्यापीठाच्या रंगाचा केक तिने सांगून ठेवला होता. आमच्याकडे लग्नात बायका घरोघरी कुकी भाजून आणतात आणि लांबच लांब टेबले भरतात. रोंडाने त्या हिशेबाने सहा डबे भरून आणले होते. माझ्यावर लाल प्लॅस्टिकचे पातळ कापड घातले. पॅपने ते चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीने बसवले आणि हाताने दोनदा पुसले.

बुधवारी दहाला दहा मिनिटे कमी असताना जिम रिकामी होती. डेव्हन एकटा माझ्याजवळ आला. त्याच्यामागोमाग वॉर्लीबाई आल्या. शाळेत पुढच्या शिक्षणाचा सल्ला देण्याचे काम त्यांचे. हातात एक फॉर्म होता.

"वाचलास का हा?"

"वाचलाय, बाई."

"चार वर्षांची फी माफ आहे, डेव्हन. तुझ्या गणितावर दिलीय. कुणाला आडवं पाडून नव्हे."

डोंगरापलीकडचे सरकारी कॉलेज. जमीन मोजणीचा अभ्यासक्रम. डेव्हनला तो हवा होता, हे त्याने फॉर्म दोन्ही हातांनी घेतला त्यावरून मला कळले. बाई हलक्या आवाजात आकडे सांगत होत्या. शाळेत खेळणाऱ्या शंभर पोरांतली सात-एक कॉलेजात खेळतात, तीही कुठल्याही कॉलेजात. मोठ्या विद्यापीठांपर्यंत दोन-तीन पोचतात. आणि पोचले म्हणजे पैसे मिळाले असे नाही.

"आज नको ना, बाई. आज आईचं सगळं..."

"आज कोण म्हणतंय? शुक्रवारी चारच्या आत माझ्या हातात दे. त्यानंतर ती जागा दुसऱ्याला जाते. तुझी सही आणि आईची सही, दोन्ही लागतील."

बाई गेल्या. बाहेर कोच डेंगलरचा आवाज आला. डेव्हनने घाईने एका कोपऱ्याची चिकटपट्टी सोडवली, फॉर्म कापडाखाली सरकवला आणि पट्टी पुन्हा दाबली. आता फॉर्म माझ्या अंगाला लागून होता.

डेंगलरने कापडावर एक पांढरा कागद ठेवला, नेमका त्या फॉर्मच्या वर. "साधा कागद आहे, फोटोपुरता. वॉक-ऑनला तिकडून काही येत नसतं, तुला ठाऊक आहे."

"हो, कोच."

"मग चेहरा नीट ठेव. आई समोर बसणार आहे."

म्हणजे डेव्हनला माहीत होते. मित्रांनो, मला सगळ्यात जास्त राग याचा आला. आठ वर्षांच्या पोराला पिशवीत घालून पळवले तेव्हा त्याला कळत नव्हते. आता कळत होते, तरी तो बसला. खोटे मोठ्यांनी रचले आणि ते तोंडावर हसू ठेवून निभावण्याचे काम मात्र पोराला दिले.

साडेदहाला मुले आली. या वर्षी सहीला डेव्हन एकटाच होता. डेव्हनच्या एका बाजूला रोंडा बसली, दुसऱ्या बाजूला पॅप. पॅपने टाय लावला होता. डेंगलरने भाषणात चिकाटी हा शब्द पाच वेळा म्हटला आणि फी हा शब्द एकदाही नाही. डेव्हनने टोपी घातली, पेन घेतले आणि जोर लावून सही केली. कापड पातळ होते. त्या सहीचा दाब खालच्या फॉर्मवर उतरला, शाई नाही, नुसती रेघ. ती मला जाणवली.

मुले कुकींसाठी रांगेत लागली. रोंडा हसत डेंगलरकडे वळली. दोघे एकाच शाळेत, एकाच वर्गात होते, पण लोकांसमोर ती त्याला अहोजाहो करते.

"कोच, तो कागद मला द्याल? फ्रेम करून घेते."

"तो ऑफिसला लागेल, रोंडा."

"मग एक प्रत काढून घेते." असे म्हणून तिने कागद उचलला. पाहिला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला. "यावर काहीच नाहीये."

"सही आहे ना."

"सही कशावर आहे, रिक?"

रिक म्हटल्यावर डेंगलरने आवाज खाली आणला. त्याने सांगितले ते मी तुम्हाला आधीच सांगितले आहे. संघात जागा आहे, वसतिगृहाचे आणि शिक्षणाचे घरून भरायचे, मन लावून खेळला तर पुढे एखाद्या वर्षी बघतील.

"पसंत केलंय म्हणाला होतास तू."

"केलंयच की पसंत. प्रिफर्ड म्हणजे तेच."

"पसंत केलेल्याला कुणी स्वतःच्या खर्चानं ये म्हणतं का?"

डेंगलरने भिंतीवरच्या फलकाकडे पाहिले. तिथे डेव्हनच्या नावाची पट्टी सकाळीच लागली होती. तो म्हणाला, की ही पद्धतच आहे, सगळ्या शाळा असेच करतात, पोरांना एक दिवस मिळतो. तो वाईट माणूस आहे असे मला वाटत नाही. त्याला ते खरेच चांगले वाटत होते. म्हणून तर ते इतकी वर्षे चालले.

रोंडाने मुलाकडे पाहिले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू केक सांगून आली होतीस."

रांगेतले एक छोटे पोर पुढे आले. रोंडाने त्याच्या हातावर दोन कुकी ठेवल्या, मग पुढच्याच्या हातावर. तिचे हात थांबले नाहीत. पॅप मात्र खुर्चीवरून उठला नव्हता. तो कोणाकडे न पाहता म्हणाला, "आठ वर्षांचा होता. तीन पौंड उतरवले होते मी याचे. पिशवी मी घातली होती."

रांग संपल्यावर रोंडा डेव्हनजवळ आली. "तुला जायचंय ना तिकडे? जा. कर्ज काढते मी. गावभर सांगून बसलेय, आता मागं नाही यायचं."

डेव्हनचा तळहात माझ्यावर होता, कापडावर, बरोबर त्या फॉर्मच्या वर. घंटा झाली तसा तो वर्गात गेला.

लेस्टरने दुपारी कापड सोडवले. खाली फॉर्म सापडला. त्याने तो झटकला, नाव वाचले आणि खोलीतल्या फळीवर ठेवला. मग जमिनीवर पडलेला पांढरा कागद उचलला. तोही दोन्ही बाजूंनी पाहिला आणि खिशात घातला.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्याने शेवटी स्वतःसाठी काही मागायचे असते. मला नीट उचला, माझ्यावर नाचू नका, पाय दुरुस्त करा, असे मला म्हणता आले असते. पण माझ्यावर लोक जे ठेवतात, त्याची लाज मला वाकड्या पायापेक्षा जास्त वाटते. म्हणून एकच मागणे आहे. माझ्यासारख्या टेबलाशी तुम्हाला कधी बसवतील. टाळ्या तयार असतील, आई समोर असेल. सही करण्याआधी कागद उलटून पाहा. आणि तुम्ही मोठे व्हाल, दुसऱ्याच्या पोरापुढे कागद ठेवाल, तेव्हा त्यावर काहीतरी लिहिलेले असू द्या.

आज गुरुवार. अडीच वाजता डेव्हन अडगळीच्या खोलीत आला. म्हणाला, "लेस्टर, टेबलावर माझा एक फॉर्म होता."

लेस्टरने फळीवरून फॉर्म काढून दिला. मग काही न विचारता मला भिंतीपासून ओढले, नाही, उचलले, आणि माझे पाय उघडले. खिशातून एक कागद काढला, चार घड्या घातल्या आणि वाकड्या पायाखाली सारला.

"ते काय आहे?" डेव्हनने विचारले.

"तुझाच कालचा. कोरा होता, म्हटलं कुठं तरी उपयोगी पडेल."

डेव्हन हसला, अगदी थोडे. बादली उपडी करून त्यावर बसला. फॉर्म माझ्यावर पसरला, उजेडाकडे तिरका करून पाहिला. सहीची रेघ तिरकी, मधोमध उमटली होती, जिथे सही करायची नाही तिथे. त्याने तिच्यावरून बोट फिरवले. लेस्टरने त्याच्यापुढे पेन ठेवले आणि पोछा घेऊन बाहेर गेला.

मग डेव्हनचा फोन वाजला. रोंडाचा होता. त्याने तो उचलला.

आता पावणेतीन झाले आहेत. डेव्हन अजून फोनवर आहे. बराच वेळ तो ऐकतो आहे, मधेच "फॉर्म आहे एक, आई" एवढे म्हणाला. पेनचे टोपण उघडलेले आहे. फॉर्मवरच्या सहीच्या दोन्ही जागा रिकाम्या आहेत. मुदत उद्या चार वाजेपर्यंत आहे. बऱ्याच वर्षांनी मी डुगडुगत नाही.